फर्क फक्त फरक तपासतं: माउंटन व्हॅली पाईपलाईनच्या बदलाचा पर्यावरण अहवाल

अमेरिकेच्या संघीय ऊर्जा नियामक आयोगाला तिकडची माणसं आद्याक्षरं जोडून 'फर्क' म्हणतात. आपल्या कानाला ते 'फरक' असंच ऐकू येतं, आणि आयोगाच्या एका कामाचं वर्णन त्या एका शब्दात होऊन जातं. मंजुरी मिळालेल्या गॅस पाईपलाईनमध्ये कंपनीला नंतर काही बदलायचं असेल, तर आयोग त्या बदलाचा पर्यावरण अहवाल करतो. अख्ख्या पाईपलाईनचा नाही. आधी काय ठरलं होतं आणि आता काय करायचं आहे, यांच्यातला फरक तेवढा तपासायचा.

परीक्षणासाठी नमुना घेतला आहे माउंटन व्हॅली पाईपलाईनचा: दस्त क्रमांक सीपी २१-५७-०००, अहवालाची तारीख १३ ऑगस्ट २०२१. किंमत शून्य, कोणीही उतरवून घ्यावा. निकाल आधीच सांगतो. ओढ्याखालून मोठा पाईप नेण्याच्या पद्धती ज्याला समजून घ्यायच्या आहेत त्याच्यासाठी पाचपैकी चार. 'माझ्या झऱ्याचं पाणी गढूळ होईल का' एवढंच ज्याला विचारायचं आहे त्याच्यासाठी दोन. हा दोन गुणांचा फरक लेखनाच्या दर्जामुळे पडलेला नाही. अहवालाची चौकटच तशी आखलेली आहे.

पाईपलाईन वेस्ट व्हर्जिनियातल्या वेट्झेल काउंटीत सुरू होते आणि व्हर्जिनियातल्या पिटसिल्व्हेनिया काउंटीत ट्रान्सको कंपनीच्या जुन्या गॅसवाहिनीला जाऊन मिळते. लांबी सुमारे ३०३ मैल, पाईपचा व्यास ४२ इंच, क्षमता दिवसाला दोन अब्ज घनफूट, म्हणजे आपल्याकडच्या गॅसवाल्यांच्या भाषेत ५६ एमएमएससीएमडीच्या (दिवसाला दशलक्ष घनमीटर) आसपास. वाटेत अ‍ॅपलेशियन डोंगररांगा, सरळसोट उतार, चुनखडीचा पोकळ प्रदेश आणि शेकडो ओढे. मूळ मंजुरी १३ ऑक्टोबर २०१७ची. तिच्यात बहुतेक ओढे उघडा चर खोदून ओलांडायचे ठरले होते. पण लष्कराच्या अभियंता दलाने ओढ्यांसाठी दिलेली सरसकट परवानगी कोर्टात टिकेना, काम ओढ्यांच्या काठाशी येऊन थांबलं, आणि साडेतीन अब्ज डॉलरचा खर्च वाढत वाढत सहा अब्जांच्या घरात गेला. तेव्हा कंपनीने फेब्रुवारी २०२१मध्ये आयोगाकडे बदलाचा अर्ज केला.

अर्जात तीन गोष्टी होत्या. सुमारे १२० ठिकाणचे १८०हून जास्त ओढे आणि पाणथळ जागा चर न खोदता जमिनीखालून ओलांडायच्या. मैलखांब ०.७० आणि २३०.८ इथे पाईपलाईनचा पट्टा किंचित सरकवून एक पाणथळ जागा आणि एक ओढा टाळायचा. आणि आठ ठिकाणी चोवीस तास काम करायची मुभा. उरलेल्या ओढ्यांवर चरच खोदायचा होता. त्यांच्यासाठी अभियंता दलाकडे स्वतंत्र परवानगीचा अर्ज गेला.

आता कागद बाजूला ठेवून ओढ्यावर जाऊ, कारण इथेच अहवालाचं बळ आहे आणि इथेच त्याचा काणाडोळाही.

जुनी पद्धत अशी. ओढ्याला वर आणि खाली वाळूच्या पोत्यांचे बांध घालतात. मधलं पाणी पंपाने उचलून किंवा मोठ्या नळातून पलीकडे सोडतात. कोरड्या झालेल्या पात्रात चर खणायचा, पाईप उतरवायचा, माती परत भरायची, वर मूळचे दगडगोटे पसरायचे, काठाला जाळी मारून बी टाकायचं. छोट्या ओढ्याला हे एक-दोन दिवसांचं काम. बिघडतं कुठे? पंप बंद पडला आणि राखीव पंप नसला की बांधावरून पाणी चरात. डोंगरात वळीव कोसळला की तेच, पण दसपट. आणि सगळं नीट झालं तरी बांध काढून पाणी परत सोडताना पहिला लोंढा गढूळच जातो. त्या गाळात माशांची अंडी गुदमरतात. कॅन्डी डार्टर आणि रोआनोक लॉगपर्च या तेव्हा संरक्षित असलेल्या दोन माशांवरून या प्रकल्पात एवढं रामायण झालं, त्याच्या मुळाशी हाच गाळ.

नवी पद्धत म्हणजे बोअर. काठाच्या अलीकडे एक खोल खड्डा, पलीकडे दुसरा. अलीकडच्या खड्ड्यात रुळांवर यंत्र बसतं, फिरणारा ऑगर (मोठ्या स्क्रूसारखं गिरमिट) पुढची माती-खडक कोरून मागे आणतो, त्याच्यामागून नळ ढकलत नेतात. पात्राला हात लागत नाही. आडव्या दिशेने वाकवून केलेल्या ड्रिलिंगला बेंटोनाइट या चिकणमातीचा चिखल दाबाने आत सोडावा लागतो आणि तो भेगांतून ओढ्यात उफाळायची भीती असते. साध्या बोअरला तसा दाबाखालचा चिखल लागत नाही. अहवालाने हा मुद्दा बरोबर पकडला आहे: पात्रातला उपद्रव घटतो, माशांचा धोका घटतो, काठावरची झाडोऱ्याची पट्टी जास्त शाबूत राहते.

पण खड्डा! साध्या बोअरचा नळ सरळ रेषेतच जातो, त्याला वळण नाही. म्हणजे पात्राच्या तळापेक्षा जेवढं खाली जायचं, तेवढा काठावरचा खड्डा खोल. हिशेब करून बघा. काठापासून पात्राचा तळ दोन मीटर खाली धरा, तळाखाली दीड मीटर मातीचं आवरण, त्याखाली एक मीटरहून थोडा जाडा पाईप, मग यंत्राचा पाया. साध्या सपाट काठावरच खड्डा पाच मीटरवर गेला. काठ उंच असले, दरी इंग्रजी 'व्ही'सारखी असली, की एवढ्यावर भागत नाही. लांबीलाही यंत्र, रूळ आणि ४० फुटी पाईपचा तुकडा एकामागे एक मावला पाहिजे. एवढा खड्डा ओढ्यालगत खणल्यावर त्यात भूजल झिरपणारच. ते पंपाने काढून कापडी गाळणपिशवीत सोडतात, पिशवीतून झिरपून ते गवतावर पसरावं अशी कल्पना. पिशवी भरली आणि वेळेत बदलली नाही, किंवा पंपाच्या मानाने ती लहान घेतली, तर शिवण उसवते आणि ज्या ओढ्याला वाचवायला बोअर केला त्याच ओढ्यात गाळ उतरतो. खड्ड्यात कठीण वालुकाश्म लागला तर सुरुंग. ऑगर मोठ्या गोट्याला अडला तर नळ रेषेतून सरकतो. फारच सरकला तर ते भोक सिमेंट-ग्राउटने बुजवून दुसरा बोअर. चुनखडीच्या भागात खाली पोकळी निघाली तर पाणी कुठे जाईल आणि कुठल्या झऱ्याला उगवेल याची हमी कोणीच देऊ नये.

यातलं बरंच अहवालात आहे, पण विखुरलेलं. पाण्याच्या प्रकरणात पंपाचं पाणी, भूगर्भाच्या प्रकरणात सुरुंग आणि चुनखडी, आवाजाच्या प्रकरणात यंत्रं. एका ओढ्याचं सगळं एका जागी मिळत नाही. म्हणून वाचताना प्रकरणांच्या क्रमाने जाऊ नका. आपल्या ठिकाणाचा मैलखांब आणि ओढ्याचा क्रमांक परिशिष्टातल्या कोष्टकात शोधा, एका कागदावर लिहून घ्या, आणि मग प्रत्येक प्रकरणात तोच क्रमांक शोधत फिरा. तीन प्रश्न धरून चला: खड्डा किती खोल, किती दिवस उघडा राहणार, आणि उपसलेलं पाणी नेमकं कुठे सोडणार. तिसऱ्याचं उत्तर 'योग्य जागी' असं आलं, तर हरकतीचा पहिला मुद्दा सापडला म्हणून समजा.

आयोगाची एक छोटी नियमपुस्तिका सोबत ठेवावी: पाणथळ आणि ओढ्यांतल्या कामाची कार्यपद्धती, मे २०१३ची आवृत्ती. जादा कामाची जागा पाण्यापासून ५० फूट लांब हवी. इंधन भरणं आणि साठवणं १०० फुटांपलीकडे. उपसलेली माती पाण्याच्या कडेपासून निदान १० फूट मागे. पाणथळीत कामाचा पट्टा ७५ फुटांहून रुंद नको. (या प्रकल्पाचा बांधकामाचा पट्टा एरवी १२५ फुटांचा होता, कायमचा ५० फुटांचा.) कंपनी जागानिहाय कारण देऊन सूट मागू शकते, आणि मागतेच. बोअरचे खड्डे काठाजवळ हवे असतात, त्यामुळे ५० फुटांचा नियम इथेच आधी वाकतो. सूट दिलेल्या जागांचं कोष्टक असेल तर तेच आधी वाचा.

आवाजाचं प्रकरण या अहवालाचा सगळ्यात स्वच्छ भाग, कारण तिथे आकडा ठरलेला आहे. घर, शाळा, दवाखाना अशा ठिकाणी दिवस-रात्रीची सरासरी ५५ डेसिबलच्या आत. ही साधी सरासरी नसते: रात्री १० ते सकाळी ७ मधल्या आवाजात १० डेसिबल मिळवून मग ती काढतात. त्यामुळे चोवीस तास एकसारख्या घरघरणाऱ्या पंपाला प्रत्यक्षात ४८.६ डेसिबलवरच ही मर्यादा गाठते. कंत्राटदाराने 'आमचं यंत्र ५५चंच आहे' असं सांगितलं आणि ते रात्रभर चालणार असेल, तर ते मर्यादेत नाही. त्या यंत्राची दिवस-रात्रीची सरासरी ६१च्या वर जाते. चोवीस तास कामाच्या आठही ठिकाणांना हा हिशेब लागू. उपाय ठरावीक: यंत्राभोवती आवाज अडवणारे पडदे, चांगले सायलेन्सर, नाहीच जमलं तर घरमालकाला तात्पुरती दुसरीकडे राहायची सोय. त्यात चुकीचं काही नाही, पण खड्ड्यातून रात्री पाणी उपसणं थांबवता येत नाही हे लक्षात ठेवावं. 'चोवीस तास काम' असं न म्हणताही पंप चोवीस तास चालू शकतो.

आता ते दोन गुण कुठे गेले. अहवालाने तुलना केली ती 'आधी मंजूर झालेला चर' विरुद्ध 'आता मागितलेला बोअर' अशी. म्हणजे पाया २०१७चा अहवाल. तो बरोबर धरूनच पुढे जायचं. या तुलनेत बोअर बहुतेक ठिकाणी जिंकणार हे उघडच आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरउतारावर साफ केलेला १२५ फुटांचा पट्टा, तिथून पावसात वाहून येणारी माती, शेजारच्या ओढ्यावर होणारा चर हे सगळं 'आधी तपासलेलं' या खात्यात. ओढ्याच्या दृष्टीने माती बोअरच्या खड्ड्यातली की वरच्या उतारावरची, काय फरक पडतो? फर्कच्या दृष्टीने पडतो.

बरं, २०१७नंतर उतारावर काय घडलं हे गुपित नव्हतं. व्हर्जिनिया राज्याने डिसेंबर २०१८मध्ये कंपनीवर खटला भरला, धूप आणि गाळ रोखण्याच्या नियमांचे ३००हून जास्त भंग झाल्याचा आरोप ठेवून, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये तो २१.५ लाख डॉलरच्या दंडावर मिटला. गाळ अडवणारे पडदे आडवे होणं, पावसापूर्वी उतारावर गवताचं आच्छादन नसणं, अशी ही कामं. बदलाच्या अहवालाचा निष्कर्ष मात्र 'सुचवलेले उपाय नीट राबवले तर परिणाम लक्षणीय नाही' याच धाटणीचा. 'तर'वर सगळा भार.

न्यायालयाचंही यावर मत आलं, थोड्या वेगळ्या दारातून. ही पाईपलाईन जेफरसन राष्ट्रीय वनातून साडेतीन मैल जाते. वनखात्याने आणि भूव्यवस्थापन खात्याने तिथल्या चार ओढ्यांसाठी बोअर पद्धतीला परवानगी देऊन टाकली, आणि त्या पद्धतीचं फर्कचं मूल्यमापन आलं त्यानंतर. वरातीमागून घोडं. रिचमंडच्या अपील न्यायालयाने २५ जानेवारी २०२२ला ती परवानगी रद्द केली. कारणांत हे घाईचं कारण होतंच, शिवाय प्रत्यक्ष मोजलेल्या गाळाच्या आकडेवारीकडे नीट पाहिलं नाही हेही होतं. नेमक्या याच जागी बदलाचा अहवाल पातळ आहे: पुढे काय होईल याचं गणित भरपूर, मागे काय झालं याची मोजणी कमी. तरी आयोगाने ८ एप्रिल २०२२ला बदल मंजूर केला.

आता सेवेबद्दल, म्हणजे कागद हाती लागण्याबद्दल. ई-लायब्ररी नावाच्या संकेतस्थळावर दस्त क्रमांक टाकला की सगळं येतं: कंपनीचा अर्ज, आयोगाचे प्रश्न, उत्तरं, लोकांची पत्रं. पारदर्शकपणात आपल्याकडच्या कुठल्याही दप्तराला लाजवेल असं. गैरसोय अशी की एकेक अर्ज डझनभर फायलींत फोडलेला असतो आणि फाईलच्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. कळीचे शब्द दोन: संसाधन अहवालाचा क्रमांक आणि माहिती-मागणी. संसाधन अहवाल म्हणजे कंपनीने अर्जासोबत दिलेले विषयवार अहवाल; ते एकूण तेरा असतात. दोन नंबर पाण्याचा, तीन मासे-वन्यजीव-वनस्पतींचा, सहा भूगर्भाचा, नऊ हवा आणि आवाजाचा, दहा पर्यायांचा. बारावा आणि तेरावा बहुतेकांच्या कामाचा नाही. माहिती-मागणी म्हणजे आयोगाच्या कर्मचाऱ्यांनी कंपनीला विचारलेले प्रश्न. ते आणि त्यांची उत्तरं मूळ अहवालापेक्षा जास्त वाचनीय असतात, कारण कर्मचाऱ्यांनाही कुठे शंका आली हे तिथेच दिसतं. 'सार्वजनिक' शिक्का नसलेल्या काही फायली उघडणार नाहीत. पुरातत्त्वाची ठिकाणं आणि संवेदनशील पायाभूत माहिती त्यांत असते.

मत नोंदवायला खातं काढावं लागत नाही, पण त्या सोप्या मार्गात सहा हजार अक्षरांची मर्यादा आहे. नकाशा, फोटो, पाण्याचा प्रयोगशाळा-अहवाल जोडायचा तर नोंदणी करून ई-फायलिंग. आणि लोक जिथे हमखास चुकतात ती गोष्ट ही: मत देणं वेगळं, पक्षकार होणं वेगळं. नुसतं मत दिलंत तर ते वाचलं जाईल, उत्तरही मिळेल, पण निर्णयाविरुद्ध पुढे जाता येणार नाही. पक्षकार व्हायचा अर्ज मुदतीत केला असेल तरच आदेशानंतर ३० दिवसांत फेरसुनावणी मागता येते, आणि फेरसुनावणी मागितल्याशिवाय न्यायालयाचं दार उघडत नाही. पूर्वी आयोग फेरसुनावणीचा अर्ज महिनोन् महिने लटकवून ठेवायचा आणि तोवर खोदकाम चालू राहायचं; जून २०२०मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ती पळवाट बंद केली. आता ३० दिवसांत निर्णय आला नाही तर अर्ज फेटाळला असं धरून न्यायालयात जाता येतं. दुसरी चूक: मूळ प्रकल्पाच्या क्रमांकावर पत्र टाकणं. मूळ दस्त सीपी १६-१०, बदलाचा सीपी २१-५७. तिथलं पत्र इथे मोजलं जाईल याच्या भरवशावर राहू नये.

पत्रात काय लिहावं? 'पर्यावरणाचा नाश थांबवा' याला आयोगाकडे छापील उत्तर तयार असतं. 'अमुक मैलखांबाच्या ओढ्यावर खड्ड्यापासून माझा झरा इतक्या फुटांवर आहे, तो कोष्टकात नाही, कामाआधी आणि नंतर गढूळपणा मोजावा' याला छापील उत्तर नसतं.

महाराष्ट्रात समृद्धी महामार्गालगत मुंबई-नागपूर गॅसवाहिनीची कामं बघितलेल्यांना यात एक गोष्ट खटकेल किंवा हेवा वाटेल, ज्याची त्याची मर्जी. आपल्याकडे गॅसवाहिनी अभयारण्यातून किंवा तशा संवेदनशील क्षेत्रातून जात नसेल, तर २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखाली तिला पर्यावरण मंजुरीच लागत नाही. मग बदलाचा अहवाल कुठून येणार? शेतकऱ्याच्या हाती येतो तो १९६२चा पेट्रोलियम आणि खनिज वाहिन्यांचा कायदा: वापरहक्काची अधिसूचना, हरकतीला २१ दिवस, आणि जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के भरपाई. चर ओढ्यातून गेला की ओढ्याखालून, हे विचारायला ठरलेली खिडकी नाही. त्या मानाने फर्कचा अपुरा अहवालसुद्धा चैनच म्हणायची.

पाईपलाईन १४ जून २०२४ला सुरू झाली. मध्ये ३ जून २०२३ला लागू झालेल्या सरकारी कर्जमर्यादेच्या कायद्यातच अमेरिकन संसदेने एक कलम घालून तिच्या सगळ्या परवानग्या शिक्कामोर्तब करून टाकल्या. त्याच कायद्याने यापुढच्या अशा अहवालांना ७५ पानांची मर्यादाही घातली. कंपनीची पुढची दक्षिणेकडची शाखा आधी ७५ मैलांची होती, मग ३१ मैलांवर आली, कॉम्प्रेसर स्टेशन गेलं, पाईप मात्र जाडा झाला. तिच्यासारख्या बदलांची कागदपत्रं वाचणाऱ्यांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी. ती परिशिष्टांना लागू नाही. मैलखांबांची कोष्टकं, सूट दिलेल्या जागांच्या याद्या, खड्ड्यांची मापं आता तिकडेच सरकणार, तेव्हा मुख्य अहवालाआधी परिशिष्टांच्या फायली उतरवून घ्या.